उशाशी असलेले श्वासयंत्र

निपाणी-चिकोडीच्या मुलुखात खोकला आणि दमा या काही नव्या व्याधी नव्हेत. तंबाखूच्या वखारीत धूळ छातीत घेत ज्यांची हयात गेली, त्यांच्यापैकी कुणाच्या उशाशी आज प्राणवायूचे यंत्र दिसते. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढते, तीतील नायट्रोजन अडकवते आणि सुमारे ९० ते ९५ टक्के प्राणवायू रोग्यास देते. म्हणून खोली स्वच्छ हवी.

कौलारू घरांतील झुरळे व कोळी ऊब, ओल आणि अंधार शोधीत असतात; नळी व पाण्याची बाटली त्यांना ती आयतीच पुरवितात. झुरळाची विष्ठा आणि अंगाचा भुगा यांनी दमा बळावतो.

कुणी म्हणेल, भोवती तंबाखूची पूड टाका. पिकावरील किडीस तंबाखूचा काढा चालतो खरा. परंतु ही पूड यंत्र आत ओढील. शिवाय साठविलेल्या तंबाखूतही भुंगेरा सुखाने नांदतोच! कीटकनाशकाचा फवाराही तितकाच त्याज्य. उदबत्ती वा डासांची कॉइल तर नकोच. प्राणवायूपाशी ठिणगी म्हणजे आगीस आमंत्रण.

उपाय साधा आहे. यंत्र बंद असताना नळी सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावी. बाटलीतले पाणी रोज बदलावे. उष्टी भांडी खोलीत ठेवू नयेत. नाकास लावण्यापूर्वी नळी उजेडात पाहावी आणि यंत्र क्षणभर मोकळे चालवावे.

केरसुणी घेऊन जो हात जाळ्याकडे वळतो, तो रोज या नळीकडेही वळावा. घरातील वडीलधाऱ्यांचा श्वास त्या हातावर विसंबलेला आहे.