सुरुंग लावला तर खाण

मी गोदीत ओझी वाहतो. माझी आत्या मुरबाडला खदानीत खडी फोडायची. खोकून खोकून बरगड्या वर आल्या. डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या दिल्या, काम काय करतेस विचारलंच नाही.

धूळ छातीत काय करते हे शोधायला नागपूरला सरकारची खाण कामगारांच्या आरोग्याची संस्था होती. २०१९ला ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन करायचं ठरलं. आत्याला दोन्ही नावं ठाऊक नाहीत.

कशी असतील? १९५२च्या खाण कायद्यातच गोम होती. उघडी खदान, खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत, सुरुंग नाही, तर बहुतेक कलमं लागू नाहीत. सुरुंग लावला तर खाण. आत्यानं हातोडीनं फोडलं तर नुसता खड्डा!

शहापूरला क्रशरवर जाल तेव्हा किती ट्रक भरले ते विचारू नका, ते चोपडीत असतंच. खडी फोडणारणीचा एक्स-रे कधी काढला, ते विचारा.