गुडघ्याचे रक्षण कमरेपासून
(क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



मोकळ्या मैदानांची टंचाई असलेल्या आपल्या शहरांत फुटबॉलचे एक आटोपशीर रूप चांगलेच रुजले आहे. छपराखालच्या कोर्टवर किंवा जाळीने वेढलेल्या लहानशा टर्फवर पाच-पाच जणांचे संघ खेळताना आपण नित्य पाहतो. या खेळाचे नियमबद्ध रूप म्हणजे फुटसाल. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे १९३० च्या सुमारास हुआन कार्लोस सेरियानी या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने त्याची घडण केली. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये फिफाची पहिली जागतिक फुटसाल स्पर्धा झाली, आणि २०२३ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत प्रथमच उतरला.

खेळ लहान जागेतला असला, तरी शरीरावरील ताण लहान नसतो. सुमारे ४० मीटर लांब व २० मीटर रुंद कोर्टवर खेळाडूला क्षणाक्षणाला धावावे, थांबावे आणि वळावे लागते. कोर्टची भूमी टणक, बुटाचा रबरी तळ तिला घट्ट धरून ठेवणारा. पाऊल जमिनीला खिळलेले असताना धड मात्र पुढे झेपावते, आणि त्या पिळाचा सारा भार घोट्यावर, गुडघ्यावर व जांघेवर येतो. म्हणूनच प्रतिस्पर्ध्याचा धक्काही न लागता खेळाडू गुडघा धरून खाली बसल्याचे दृश्य दिसते.

अशा वेळी आपण गुडघ्याला पट्टा बांधतो. परंतु दोषाचे मूळ पुष्कळदा वर, कमरेत असते. पोटाचे खोल व तिरपे स्नायू, पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, वरचे श्वासपटल, खालचा श्रोणितल आणि नितंबांचे स्नायू मिळून शरीराचा मध्यभाग सावरतात. यालाच क्रीडावैद्यकात ‘कोअर’ म्हणतात. हात वा पाय हलण्यापूर्वीच निरोगी माणसाच्या पोटाचा खोल स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र त्याला विलंब होतो, असे ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. पाया डळमळीत असेल, तर भिंतीला तडा जाणारच.

अमेरिकेतील येल विद्यापीठात २७७ महाविद्यालयीन खेळाडूंच्या धडाचे नियंत्रण आधी मोजून त्यांच्यावर तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अचानक ओढ सुटल्यावर ज्यांचे धड अधिक हेलकावले, त्यांच्यात, विशेषतः मुलींमध्ये, पुढे गुडघ्याच्या दुखापती अधिक आढळल्या. मुलींचे संघ आता गावोगावी उभे राहत असताना ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

यावर उपाय आहे, आणि तो खर्चाचा नाही. फिफाने तयार करविलेला ‘इलेव्हन प्लस’ हा पूर्वतयारीचा कार्यक्रम सुमारे २० मिनिटांचा आहे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम करणाऱ्या गटात गंभीर दुखापतींचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. ही चाचणी मोठ्या मैदानावरील फुटबॉलची होती, आणि कार्यक्रमात तोल व उड्यांचे व्यायामही होते. तेव्हा सारे श्रेय एकट्या मध्यभागाच्या व्यायामांना देणे योग्य नव्हे. तथापि दिशा स्पष्ट आहे.

आपल्या शाळेत आरंभ असा करावा. पालथे होऊन कोपर व चवड्यांवर देह तोलावा. डोके, कंबर व टाच एका रेषेत ठेवून २० ते ३० सेकंद स्थिर राहावे. असे तीन वेळा. मग कुशीवर वळून एका कोपरावर तोच प्रकार दोन्ही बाजूंनी करावा. गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे धरले असता, देह सरळ ठेवून सावकाश पुढे झुकण्याची तीन ते पाच आवर्तने मांडीच्या मागील स्नायूंस बळ देतात. शेवटी एका पायावर उभे राहून चेंडूची फेक-झेल, आणि उडी मारून गुडघे आत न वळवता अलगद उतरण्याचा सराव.

यात दोन पथ्ये सांभाळावीत. पहिले, संख्येपेक्षा नेटकेपणाला महत्त्व द्यावे. कंबर लोंबू लागली किंवा श्वास रोखला गेला, की तेथेच थांबावे; वेदना होत असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुसरे, आठवड्यातून निदान दोनदा, तेही पूर्ण हंगामभर, सातत्य राखावे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात केलेल्या घाईचा उपयोग नाही. ज्या राज्यात मल्लखांब आणि तालमीची परंपरा आहे, तेथे कंबरेच्या बळाचे महत्त्व नव्याने पटवून देण्याची गरज पडू नये.

मित्रहो, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने विश्रांती आणि कुटुंबावर खर्चाचा बोजा हे सारे ओघाने येते. सामान्य घरातील मुलाचा किंवा मुलीचा खेळ तेथेच संपण्याची भीती असते. प्रत्येक दुखापत टाळणे आपल्या हाती नाही. परंतु सरावाची पहिली वीस मिनिटे आपल्याच हाती आहेत. ती खर्ची घालण्यात आपण हात आखडता घेऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.