थांबायचं विसरलेलं प्रथिन



आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला सतत निरोप येत असतात. वाढ, थांब, साखर मोकळी कर, दुभंग. हे निरोप बहुतेक वेळा पेशीच्या आवरणाशी पोहोचतात; काम मात्र आत व्हायचं असतं. निरोप आत पोहोचवून कामाला लावणाऱ्या प्रथिनांचं एक मोठं कुळ आहे, त्यांना प्रोटीन कायनेज म्हणतात. माणसात ती पाचशेहून अधिक आहेत. काम सगळ्यांचं एकच. एटीपी या रेणूच्या टोकाचा फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर ठरलेल्या जागी बसवायचा. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसला की प्रथिनाची घडी बदलते, आणि घडी बदलली की वागणूक बदलते. अमेरिकेत सिएटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ मध्ये स्नायूंतल्या एका विकरात हे प्रथम दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं १९९२ मध्ये.

पण मला आज बोलायचं आहे ते थांबण्याबद्दल. पाटकऱ्याने वाफ्याला पाणी दिलं आणि बारं मोडलंच नाही, तर पीक पिवळं पडतं. पेशीतही फॉस्फेट काढून घेणारी फॉस्फटेज नावाची विकरं असतात, आणि खुद्द कायनेजलाही मिटून बसता यावं लागतं.

एबीएल नावाचं कायनेज जवळून पाहू. याच्या एका टोकाला मेदाम्लाची बारीक शेपटी असते. ती वळून त्याच प्रथिनाच्या एका खळग्यात जाऊन बसते, आणि प्रथिन मिटलेलं राहतं. स्वतःचीच शेपटी स्वतःला आवरते! निसर्गातली इतकी देखणी रचना मला दुसरी माहीत नाही.

ही शेपटी हरवली तर काय होतं, ते एका आजारात दिसतं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये उलगडा केला: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केले होते. त्या सांध्यावर एबीएलचं जनुक बीसीआर नावाच्या जनुकाला जोडलं गेलं. या जोडप्रथिनात एबीएलची शेपटीच उरत नाही. शिवाय बीसीआरचा भाग अशा प्रथिनांना एकमेकांजवळ आणतो, आणि ती परस्परांवर फॉस्फेट चढवून एकमेकांना जागं ठेवतात. बाहेरून निरोप आलेला नसताना 'वाढ, वाढ' असं सुरूच राहतं. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, पाणथरी फुगून पोटात हाताला लागते.

बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी अशी कायनेजं अडवणारे रेणू शोधत होते. अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी त्यांतला एक, इमॅटिनिब, या रोगासाठी लावून धरला. इतक्या कायनेजांत एटीपी बसण्याची खाच साधारण सारखीच, मग एकालाच कसं रोखायचं, ही शंका रास्त होती. उत्तर मिटलेल्या घडीत होतं. जागी कायनेजं एकमेकांसारखी दिसतात, पण मिटताना प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बीसीआर-एबीएलही मधूनच क्षणभर मिटतं, आणि इमॅटिनिब त्याला नेमकं तिथेच अडकवतं. पहिली चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या. २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

रोगही गप्प बसला नाही. प्रथिनातलं ३१५ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी इमॅटिनिबला जागा मिळत नाही. त्यावर पोनॅटिनिब आलं. पुढे आलेलं असिमिनिब तर मघाच्या शेपटीच्या रिकाम्या खळग्यातच जाऊन बसतं.

या औषधाची एक लढाई आपल्या दाराशी झाली. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखावर जात होता, भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांच्या आसपास मिळत होतं. सिबा-गायगीची वारस कंपनी असलेल्या नोव्हार्टिसच्या पेटंट-अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. मूळ रेणू जुनाच, त्याच्या स्फटिकाचं रूप तेवढं नवं, आणि त्याने उपचाराचा गुण वाढल्याचं दाखवलेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला हा निकाल त्या रेणूच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. रोज घ्यायची गोळी परवडली नाही, तर प्रयोगशाळेतलं सगळं शहाणपण रुग्णापर्यंत पोहोचतच नाही.

आज अनेक रुग्ण जवळपास पूर्ण आयुष्य जगतात. वर्षानुवर्षं ज्यांच्या रक्तात बीसीआर-एबीएलचा मागमूस जवळजवळ नसतो, अशा काही निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवूनही पाहतात, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना ती पुन्हा लागत नाही. उरलेल्यांचा आजार बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच डोकं वर काढतो, म्हणून सुरुवातीला महिन्या-महिन्याला रक्त तपासावं लागतं. इथे कुणाच्या घरी हा आजार असेल, तर कळकळीने सांगतो: बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका.