प्लॅटिनमचें कोंदण
(नभोवाणीवरील भाषण)



हिऱ्याच्या अंगठीची गोष्ट निघाली कीं आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिरा केवढ्याचा? मग त्याचें वजन, पाणी, पैलू यांची चौकशी होते. परंतु तो हिरा ज्यानें जन्मभर धरून ठेवावयाचा त्या कोंदणाची विचारपूस क्वचितच कोणी करतो. आज मी आपल्यापुढें त्या कोंदणाचीच बाजू मांडणार आहें. माझें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. सोनारकी हा माझा धंदा नव्हे. तथापि हाताच्या कामाकडे लक्षपूर्वक पाहण्याची आवड मला पहिल्यापासून आहे, आणि प्लॅटिनमच्या कोंदणांत पाहण्यासारखें व विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

‘कोंदण’ हा शब्द आपल्याला नवा नाहीं. आपल्याकडील जुन्या जडावकामांत रत्नाखालीं चकचकीत वर्ख घालून शुद्ध, मऊ सोनें त्याच्या भोंवतीं दाबून बसवीत. कोंदणाची पाठ बंद असे. पैलूदार हिऱ्याला मात्र मोकळा उजेड हवा. त्याकरितां तो उंच व उघडा धरावा लागतो. न्यूयॉर्क येथील टिफनी पेढीनें १८८६ सालीं सहा नख्यांचें असें उंच कोंदण पुढें आणलें, व आजहि तोच घाट जगभर चालतो. नखी म्हणजे धातूची उभी, बारीक काडी. तिचें टोंक हिऱ्याच्या कडेवर वाकविलें कीं हिरा जागच्या जागीं राहतो.

आतां ही नखी कोणत्या धातूची करावी? चांदी पांढरी खरी, पण ती काळवंडते आणि मऊ असल्यामुळें जाड ठेवावी लागते. सोन्याचा पिंवळा रंग हिऱ्यांत उतरतो. प्लॅटिनम पांढरें आहे, काळें पडत नाहीं, आणि बारीक केलें तरी बळकट राहतें. असा गुणी धातु सोनाराच्या हातीं उशिरां आला याचें कारण एकच, उष्णता. सोनें १०६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें, तर प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. दक्षिण अमेरिकेंत, आजच्या कोलंबिया देशांत, सोन्याच्या वाळूबरोबर हा धातु सांपडूं लागला तेव्हां स्पॅनिश लोकांनीं त्याला ‘प्लाटिना’, म्हणजे ‘लहानशी चांदी’, असें नांव दिलें. फुंकणीच्या ज्योतीला मात्र तो दाद देईना. प्राणवायूच्या जोरानें पेटणारी ज्योत कारखान्यांत आली तेव्हां कोठें तो वळला. सन १९०० च्या सुमारास पॅरिसच्या कार्टिए पेढीनें हिऱ्यांच्या कामांत त्याचा मोठा उपयोग आरंभिला. आपल्याकडील राजेरजवाडेहि मग आपलीं रत्नें तिकडे पाठवूं लागले. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्यासाठीं त्या पेढीनें १९२८ मध्यें पुरा केलेला २,९३० हिऱ्यांचा कंठा प्लॅटिनमचाच होता.

आतां आपण एका साध्या, एका हिऱ्याच्या अंगठीची घडण पाहूं.

शुद्ध प्लॅटिनम मऊ असतें. म्हणून बहुधा हजारांत ९५० भाग प्लॅटिनम व उरलेले भाग रुथेनियम, इरिडियम किंवा कोबाल्ट अशा धातूचे घेतात. वितळतांना त्याचें तेज इतकें प्रखर असतें कीं कारागिराला डोळ्यांवर काळी कांच लावावी लागते. स्वच्छतेचें सोंवळें तर विचारूं नये! कोळसा, शिसें, लोखंड यांचा अंश जरी तापलेल्या प्लॅटिनमला लागला तरी तें बिघडतें. शिशानें त्याला चिरा जातात. म्हणून त्याच्या कानशी निराळ्या ठेवतात, आणि हत्याराचे डाग आम्लांत धुऊन काढल्याशिवाय कारागीर तें पुन्हां विस्तवावर धरीत नाहीं.

मग ऐरणीवर ठोकून त्याची पट्टी व तार ओढावयाची. ठोकतां ठोकतां धातु ताठ होतो. तेव्हां तो लाल करून पुन्हां नरम करावा लागतो. येथें थोडें गणित येतें, व माझ्यासारख्याला तें गोड वाटतें. समजा, अंगठीचा आंतील व्यास १७ मिलिमीटर आणि पट्टीची जाडी २ मिलिमीटर आहे. मग पट्टी किती लांब कापावी? विद्यार्थी १७ ला २२/७ नें गुणील आणि अंगठी बोटांत जाणार नाहीं. पट्टी वांकवितांना तिचा आंतला भाग आखडतो आणि बाहेरचा ताणला जातो. मधला तेवढा तसाच राहतो. म्हणून व्यासांत एक जाडी मिळवून १९ ला गुणावयाचें. उत्तर येतें जवळ जवळ ६० मिलिमीटर.

त्यानंतर कोंदण. सहा नख्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या लहान मोठ्या दोन कड्या डाख देऊन जोडतात. पहिला सांधा १७०० अंशांच्या डाखाचा केला, तर दुसऱ्याला त्याहून कमी उष्णतेवर वितळणारा डाख हवा. नाहीं तर दुसरा जोडतांना पहिला सुटावयाचा. प्लॅटिनममधून उष्णता सोन्यारुप्यापेक्षां सावकाश पसरते. त्यामुळें ज्योत नेमक्या सांध्यावर धरणाऱ्याचें काम सोपें होतें, आणि हात चळला तर नखी वितळून जाते.

या सर्व वेळीं हिरा कोठें असतो? डबींत! हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. उघड्या हवेंत सुमारें ८५० अंशांवर तो जळूं लागतो. म्हणून कोंदणाचें सगळें अग्निकाम हिरा येण्यापूर्वींच पुरें झालें पाहिजे. मागाहून चूक सुधारूं म्हणण्याची सोय येथें नाहीं.

शेवटीं जडणीचें काम. एक कॅरटचा, म्हणजे एक पंचमांश ग्रॅमचा गोल हिरा सुमारें साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. त्याची कड जेथें टेकणार तेथें प्रत्येक नखीच्या आंतल्या अंगाला खांच पाडावयाची. खांच उथळ राहिली तर हिरा डुलतो. फार खोल गेली तर नखीच दुबळी होते. सहाहि खांचा एका पातळींत हव्यात. हिरा सर्वांत कठीण खरा, पण ठराविक दिशांनीं तो फुटूं शकतो. एका बाजूला जास्त दाब पडला तर त्याची कड उडते. म्हणून समोरासमोरच्या नख्या आळीपाळीनें, थोड्या थोड्या वळवितात. येथें प्लॅटिनमचा मोठा गुण उपयोगी पडतो. वांकविलेली नखी उसळून मागें येत नाहीं. शिवाय त्यावर ओरखडा पडला तर धातु झिजून जाण्यापेक्षां बाजूला सरकतो. त्यामुळें वर्षानुवर्षें वापरूनहि नखी सोन्याच्या मानानें कमी झिजते.

यंत्रावर ओतलेली अंगठी वाईटच असते असें माझें म्हणणें नाहीं. आज पुष्कळ अंगठ्या ओतीवच असतात आणि त्यांतील कित्येक उत्तम असतात. परंतु अंगठी ओतीव असो कीं हातघडणीची, हिरा सुरक्षित राहतो तो त्या सहा खांचांच्या बिनचूकपणावर, आणि तें काम गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाहीं. जें दिसत नाहीं त्याची किंमत गिऱ्हाईक देत नाहीं. जिची किंमत मिळत नाहीं ती कला कारागीर आपल्या मुलाला शिकवीत नाहीं. मग एखाद्या दिवशीं घरांतील सूनबाई भांडीं घासून उठते तों बोटांत रिकामें कोंदण, आणि सासूनें दिलेला हिरा मोरींतून वाहून गेलेला!

यास्तव माझी आपणांस एवढीच सूचना आहे. अंगठी घेतांना ती उलटी करून भिंगाखालीं पाहा. आंतल्या बाजूस ९५० ची खूण आहे काय, कड्यांचे सांधे भरलेले आहेत काय, प्रत्येक नखी हिऱ्याला सारखी भिडली आहे काय, हें पाहा. नख्यांवरून सुती कापड फिरवा; तें अडकलें तर एखादें टोंक उचललेलें आहे असें समजा. अंगठी कानाशीं धरून बोटानें टिचका. हिरा खुळखुळला तर ती कारागिराकडे परत द्या. आणि वर्षांतून एकदां नख्या तपासून घेत जा. हिऱ्याच्या किंमतीपुढें या तपासणीचा खर्च कांहींच नाहीं.

तपासून झाल्यावर कारागिराला आणखी एक विचारा: “हें काम आपण कोणाकडे शिकलांत?” तो आनंदानें सांगेल, कारण हा प्रश्न त्याला फारसें कोणी विचारीत नाहीं.