कर्मचाऱ्यांचे आरोग्य : खर्च की गुंतवणूक?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील वर्षी याच सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस विचारले होते, "आम्ही पैसे देतो ते रुग्णांसाठी. ते तुम्ही नोकरवर्गाच्या योगवर्गावर का घालवता?" त्या दिवशी वेळेअभावी उत्तर राहून गेले. खरे सांगायचे तर वेळ असता तरी समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नव्हते. आज ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम एक खुलासा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्या निधीतील एक पैसाही कर्मचाऱ्यांवर खर्च झालेला नाही, व होणार नाही. कर्मचारी आरोग्याचा खर्च सर्वसाधारण निधीतून होतो. अर्थात तोही आपण दिलेलाच पैसा आहे.

या उपक्रमाचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आम्हीच ठेवला होता. त्यास आधार होता २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा. हार्वर्डच्या कॅथरीन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कंपन्यांचे अनुभव एकत्र करून असा निष्कर्ष काढला होता की, कर्मचाऱ्यांच्या आरोग्य उपक्रमावर १ डॉलर खर्च केल्यास वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीच्या खर्चात सुमारे २.७३ डॉलर वाचतात. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. रुपयाला पाच-सहा रुपये सुटतात असे कोणी सांगितले, तर मुदत ठेवीची सवय असलेल्या माणसाने खरे म्हणजे सावध व्हायला हवे. आम्ही झालो नाही.

उपक्रम सुरू झाला. वार्षिक तपासणी, आहारावर व्याख्याने, सकाळी सातचा योगवर्ग, चालण्याची स्पर्धा. छायाचित्रे चांगली आली, ती अहवालात छापलीही. परंतु वर्गाला येत कोण होते? लेखा विभाग, औषध भांडार, नोंदणी कक्ष. म्हणजे मुळातच जे सकाळी फिरायला जात होते ते. परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय यांच्यापैकी येणारे बोटांवर मोजण्याइतके. सकाळी सातला रात्रपाळी संपत असते आणि सकाळपाळीचा ताबा घेणे चालू असते, ही साधी गोष्ट वेळापत्रक करताना आमच्या ध्यानात आली नाही.

हाच अनुभव पुढे अमेरिकेतही मोजला गेला. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली. काहींना उपक्रमात बोलावले, काहींना नाही. उपक्रमात भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता, असे त्यात आढळले. उपक्रमामुळे खर्च उतरल्याचे मात्र दिसले नाही. २०१९ मध्ये झिरुई सॉंग आणि त्याच कॅथरीन बेकर यांनी बीजेज या घाऊक विक्रेत्या कंपनीच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८ महिन्यांनंतर उपक्रम असलेल्या ठिकाणचे अधिक लोक 'आम्ही नियमित व्यायाम करतो' असे सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी किंवा वैद्यकीय खर्च यांत म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. आपल्याच जुन्या आकड्याची फेरतपासणी करून निराळे उत्तर छापणाऱ्या विदुषीबद्दल आम्हांस आदर वाटतो. लेखापरीक्षकांतही हा गुण दुर्मीळ आहे.

शिवाय आमच्या हिशोबात आणखी एक चूक होती. अमेरिकेत कर्मचाऱ्याच्या आजारपणाचा मोठा भार मालकच उचलतो, त्यामुळे आजार घटले तर बचत त्याच्या पदरात पडते. आमचे बरेच कर्मचारी राज्य कामगार विमा योजनेत आहेत. तेथे मालकाचा वाटा वेतनाच्या टक्केवारीने ठरतो. जुलै २०१९ मध्ये तो ३.२५ टक्के करण्यात आला. कर्मचारी ठणठणीत असोत वा आजारी, भरणा तेवढाच. जी बचत आम्ही मंडळास दाखविली, ती आमच्या खात्यात येण्याचा मार्गच नव्हता.

मग हा खर्च बंदच करायचा का? त्या विचारात असतानाच एक घटना घडली. ती सांगणे आम्हांस अवघड आहे, तथापि आपल्यापासून लपवणे योग्य नाही.

सफाईच्या कामावरील एका मावशींना कचऱ्याच्या पिशवीत चुकून गेलेली सुई टोचली. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी होती. ती पिशवीत गेली, हा दोष आमचा. मावशींनी हात धुतला, पट्टी बांधली आणि काम पुढे चालू ठेवले. चौथ्या दिवशी त्या वॉर्डातील सिस्टरांशी बोलल्या. आधी का सांगितले नाही, असे विचारता म्हणाल्या, "मी ठेकेदाराची माणूस. उद्या येऊ नको म्हणाले असते तर?" एच.आय.व्ही.ला प्रतिबंध करणारी औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती मुदत निघून गेली होती. हिपॅटायटिस बीची लस त्यांनी घेतलेली नव्हती. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एच.आय.व्ही.चा धोका सुमारे ३०० मध्ये एकाचा. लस न घेतलेल्यास हिपॅटायटिस बीचा धोका मात्र १०० पैकी ६ ते ३० जणांचा असतो.

लस का दिली नव्हती? कारण आमची लसीकरणाची यादी हजेरीपटावरून केली होती, आणि ठेकेदाराची माणसे आमच्या हजेरीपटावर नसतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी आणि लसीकरण सांगितले आहे. तेथे 'हजेरीपटावरील' असा शब्द नाही. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत मावशींचे अहवाल निर्दोष आले. त्यात आमच्या व्यवस्थेचे काही श्रेय नाही.

त्यानंतर आम्ही खर्चाची दिशा बदलली. ठेकेदारासह प्रत्येकाची यादी करून लसीच्या तीन मात्रा (पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी) देणे सुरू केले. सुई टोचल्याची खबर देणाऱ्यास, तो कोणाचाही नोकर असो, कामावरून कमी करता येणार नाही, असे कलम ठेक्याच्या करारात घातले. औषधांचा पहिला संच अपघात विभागात ठेवला, म्हणजे रात्री दोन वाजता कोणाच्या सहीसाठी थांबावे लागत नाही.

रात्रपाळीचाही प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामास 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आणि २०१९ मध्ये फेरविचार करून तो निर्णय कायम ठेवला. रुग्णालय रात्री बंद ठेवता येत नाही. मात्र संध्याकाळपाळी संपवून घरी गेलेल्या परिचारिकेस दुसऱ्या दिवशी सकाळपाळीस बोलावणे टाळता येते, आणि पाळ्यांचा तक्ता दोन आठवडे आधी लावता येतो. उपाहारगृह रात्री नऊला बंद होत असे. मध्यरात्रीनंतर भूक लागली की बिस्किटे आणि फरसाण. आता रात्री एक वाजता गरम खिचडी आणि ताक मिळते. आमच्या सर्व योजनांत सर्वाधिक दुवा मिळाला तो या खिचडीला. जड रुग्णास सरकवण्यासाठी निसरड्या चादरी घेतल्या. कंबरदुखीबद्दल तीन व्याख्याने झाली होती, चादरी मात्र त्यानंतर आल्या.

योगवर्ग चालू आहे. एक निवृत्त शिक्षिका तो विनामूल्य घेतात आणि येणाऱ्यांना त्यात आनंद आहे. त्यावर परतावा मात्र आम्ही दाखवणार नाही.

रजेच्या नोंदी पूर्वीपेक्षा बऱ्या दिसतात. तो फरक खिचडीमुळे की चादरींमुळे, हे आम्ही सांगू शकत नाही. तुलनेला दुसरे रुग्णालय बाजूला ठेवलेले नव्हते, आणि एकदा फसलो ते पुरे. इतके निश्चित सांगता येते की, अनुभवी परिचारिका सोडून गेली की नवीन व्यक्ती तयार होईपर्यंत तिचे काम उरलेल्या दोघींवर पडते, आणि त्या वेळी तुमच्या माणसाची सलाईन संपल्याचे कोणाच्या तरी नजरेतून सुटू शकते. ही रक्कम ताळेबंदात कोठेच दिसत नाही.

ज्या देणगीदारांनी प्रश्न विचारला होता, ते आज पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्या सूचनेवरून हा खर्च यंदापासून जमाखर्च पत्रकात 'आस्थापना' या शीर्षाखाली न दडवता स्वतंत्र ओळीत दाखविला आहे. आया आणि सफाई कामगार महिलांसाठी विश्रांतीची खोली अद्याप झालेली नाही. त्या जिन्याखाली डबा खातात. जुन्या क्ष-किरण विभागाची जागा त्यासाठी मोकळी करण्याचा प्रस्ताव पुढील बैठकीत मंडळापुढे येत आहे. त्याचा अंदाजपत्रकी तपशील कार्यालयात पाहण्यास मिळेल.