ओला रस्ता आणि मोटारीची धांव

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव चढवितांना ती आधीं भट्टींत लाल तापवीत, मग चाकावर बसवून वर पाणी ओतीत. धांव आकसे आणि चाक घट्ट आंवळलें जाई. त्या धांवेचें मुख्य काम लांकूड झिजूं न देणें हें होतें. रस्ता धरून ठेवण्याचें काम बैलांच्या खुरांकडे असे. मोटारीला बैल नाहींत. तिच्या रबरी धांवेलाच ओझें वाहावें लागतें, धक्का सोसावा लागतो, आणि रस्ताहि धरावा लागतो. म्हणून मोटारीचे टायर झिजले आणि नवे घेण्याची वेळ आली, म्हणजे केवळ किंमत विचारून भागत नाहीं.

रबर हें आज ओळखीचें झालें असलें तरी त्याचा हा उपयोग फार जुना नाहीं. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास असें आढळलें कीं, रबरांत गंधक घालून तें तापविलें असतां उन्हानें चिकट व थंडीनें ठिसूळ होत नाहीं. १८४५ सालीं रॉबर्ट थॉम्सन यानें हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें. पण तें मागें पडलें. पुढें बेलफास्ट येथील जॉन डनलॉप या पशुवैद्यानें मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां तीच कल्पना नव्यानें योजिली व १८८८ सालीं तिचें पेटंट मिळविलें.

भोर आणि वेल्हें या बाजूस टायरचा विचार विशेष अगत्याचा आहे. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें निघालेली मोटार कात्रज ओलांडून खेड-शिवापुरावरून येते. नसरापुराकडून एक रस्ता मार्गासनीवरून तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्ह्यास जातो. कापूरहोळाहून दुसरा भोरास जातो. भोराच्या पुढें नीरा-देवघर धरणाच्या कडेनें गेलेली वाट वरंध घाटानें महाडाकडे उतरते. वेल्ह्याहून पाबे घाट ओलांडून खानापुराकडेहि जातां येतें. सह्याद्रीच्या माथ्याकडे जावें तसतसा पाऊस वाढतो. वरंध घाट तर अलीकडच्या कांहीं वर्षांत दरडींच्या भयानें पावसाळ्यांत बंद ठेवण्याचे आदेश निघाले आहेत. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल डांबरावर पसरतो. सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतें. आणि वळवाच्या पहिल्या सरीनें रस्त्यावर साठलेलें तेल व धूळ यांचा निसरडा लेप होतो. याच रस्त्यांनीं कोणी शाळेस जातो, कोणी भाजी घेऊन बाजारास निघतो, तर कोणी आजारी माणसास रात्रीं पुण्यास नेतो.

मोटार रस्त्यास चारच ठिकाणीं टेकलेली असते, आणि त्यांतील प्रत्येक जागा सुमारें माणसाच्या पसरलेल्या पंजाएवढी असते. चालणें, वळणें व थांबणें हें सर्व या चार पंजांवर अवलंबून आहे. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ताशीं ६० किलोमीटर गतीची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारें २० मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तोच अंक ०.४ वर आला, तर ३५ मीटर लागतात. त्याआधीं चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असेल, तर मोटार १६-१७ मीटर पुढें गेलेलीच असते. वळणाचेंहि तसेंच आहे. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ३० किलोमीटर गतीला घर्षणांक सुमारें ०.२८ लागतो, गति ४० केली कीं तो ०.५ लागतो. म्हणजे उन्हाळ्यांत सहज निभावणारी गति आषाढांत त्याच वळणावर मोटारीस दरीकडे नेऊं शकते.

आतां कोरडी पकड आणि ओली पकड या दोहोंना टायरकडून थोड्या निरनिराळ्या गोष्टी हव्या असतात. कोरड्या रस्त्यावर जितकें अधिक रबर जमिनीस लागेल तितकें बरें. म्हणूनच शर्यतीच्या मोटारींना कोरड्या दिवशीं खांचा नसलेले गुळगुळीत टायर लावतात. ओल्या रस्त्यावर मात्र रबर व डांबर यांच्यामध्यें पाणी शिरतें. त्याला वाट करून देण्यासाठीं खोल खांचा पाहिजेत. पाणी वेळेवर बाहेर पडलें नाहीं, तर चाक त्यावर तरंगूं लागतें, आणि मग सुकाणूं व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. विमानाच्या चाकांवर प्रयोग करून नासा या अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनीं १९६३ सालीं असा नियम मांडला कीं, हें तरंगणें ज्या गतीला सुरू होतें ती गति हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असते. त्या हिशेबानें ३२ पौंड दाबाचें चाक ताशीं सुमारें ९४ किलोमीटरला तरंगेल, तर २४ पौंडांचें चाक ८२ लाच. मोटारीच्या चाकास हा हिशेब ढोबळ मानानेंच लागू आहे. परंतु पावसांत पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारांचा समज त्यानें खोटा ठरतो.

खांचांइतकेंच महत्त्व रबराच्या मिश्रणास आहे. खडीच्या बारीक टोंकांभोंवतीं जें रबर लवकर दबतें व मुडपतें तें रस्ता चांगला धरतें. कठीण रबर पुष्कळ मैल टिकतें, पण ओल्या डांबरावर घसरतें. पूर्वी रबरास बळकटी आणण्यासाठीं मुख्यतः काजळी घालीत. १९९२ सालीं मिशेलिन कंपनीनें सिलिका घातलेले मोटारीचे टायर बाजारांत आणले. त्यामुळें ओली पकड आणि इंधनाची बचत हीं दोन्हीं एका टायरांत साधणें सुलभ झालें. तेव्हां “सर्वांत जास्त मैल टिकतो” एवढ्यावरच जो टायर विकला जातो, त्याच्या ओल्या पकडीची चौकशी आधीं करावी.

येथें कोणी विचारील कीं, वर्षांतील आठ महिने रस्ते कोरडे असतात, मग चार महिन्यांसाठीं निवड कां करावी? याचें उत्तर सोपें आहे. घाटांत मोटार ज्या बेताच्या गतीनें चालवितात, त्या गतीला कोणत्याहि चांगल्या टायरची कोरडी पकड पुरेशी असते. टायरांतील खरा फरक दिसतो तो ओल्या रस्त्यावरच. म्हणून या बाजूच्या माणसानें ओल्या पकडीस पहिलें स्थान द्यावें आणि मग टिकाऊपणा पाहावा. ज्याची मोटार सदा महामार्गावर वेगानें धांवते व पावसांत घरीं राहते, त्याचा हिशेब वेगळा असूं शकेल.

दुकानांत गेल्यावर टायरच्या बाजूवरील अक्षरें वाचावीं. १६५/८० आर १४ ८५ टी असें लिहिलें असल्यास १६५ ही मिलिमीटरमध्यें रुंदी, ८० ही रुंदीच्या शेंकडा प्रमाणांत उंची, आर म्हणजे रेडियल रचना, १४ हा आंतील लोखंडी चाकाचा इंचांतील व्यास. ८५ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोग्रॅम. आणि टी म्हणजे ताशीं १९० किलोमीटरची मर्यादा. मोटार बनविणारानें सांगितलेल्या मापाहून भारांक कधींहि कमी घेऊं नये. केवळ शोभेसाठीं अधिक रुंद टायरहि घेऊं नये; रुंद टायरास बाजूस सारावें लागणारें पाणीहि अधिक असतें.

त्याच बाजूवर चार आंकडे असतात. २३२४ याचा अर्थ २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यांत बनलेला टायर. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या मालास सवलत देतात. पण रबर न वापरतांहि कठीण होत जातें, म्हणून सवलतीपूर्वी हे आंकडे पाहावे. अमेरिकेच्या बाजारासाठीं बनलेल्या टायरवर ट्रॅक्शन म्हणून ए-ए, ए, बी, सी अशी श्रेणी असते. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेंत थांबण्याचीच आहे, वळणाची नव्हे. भारत सरकारनेंहि २०२२ सालीं ओली पकड, लोळतांना होणारा विरोध आणि आवाज या तिहींची किमान मर्यादा टायरांसाठीं अधिसूचित केली. ही केवळ किमान कसोटी आहे. तिच्या वरचे टायर एकमेकांच्या तोडीचे असतात असें नव्हे.

जुना टायर केव्हां टाकावा, हेंहि सांगितलें पाहिजे. खांचेच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीस आला म्हणजे खांच १.६ मिलिमीटर उरली, आणि मोटारीस कायद्याची मर्यादा तीच. परंतु पाणी वाहून नेण्याची शक्ति त्यापूर्वींच पुष्कळ घटते. घाटांतून जाणारानें ३ मिलिमीटर उरतांच, आणि तेंहि मृगाआधीं, नव्या टायरची सोय करावी.

खर्चाच्या अडचणीमुळें दोनच टायर घेतां येत असतील, तर ते मागें लावावे. बहुतेकांस हें उलटें वाटतें, कारण सुकाणूं व ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर असतो. पण पुढचीं चाकें घसरलीं तर मोटार सरळ जाऊं पाहते. पाय सैल सोडतांच बहुधा तिला पुन्हां पकड येते. मागचीं घसरलीं तर मोटार स्वतःभोंवतीं फिरते, आणि साधारण चालकास ती सांवरतां येत नाहीं. घाटांत तितकी जागाहि नसते.

चार टायरांचा खर्च शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या संसारांत लहान नाहीं. त्यांतून थोडी काटकसर करावयाची असल्यास ती गादीच्या कापडांत, आरशांत, गाण्याच्या यंत्रांत करावी. टायर मापाचे, ताजे व ओली पकड देणारे असावे. थंड असतां त्यांतील हवा दर पंधरवड्यास मोजावी. आणि इतकें करूनहि पाऊस लागतांच गति कमी करावी. उत्तम टायरहि सावकाश चालविण्याची गरज नाहींशी करीत नाहीं. तो फक्त, समोर अचानक गुरें आलीं असतां, थांबावयास कांहीं मीटर अधिक देतो. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यावर पुष्कळदां तेवढेच मीटर हवे असतात.