विरजण विकत मिळते, हवाबंद भांडे आपणच करायचे

(मिहानलगतच्या गावात झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांची जमीन मिहानमध्ये गेली. जमिनीबरोबर जनावरांची चराई गेली. दूध मात्र नागपूर शहराला रोज लागते. चराई नाही, कडबा कमी, आणि ढेपीचा भाव आपल्या हातात नाही. सरकी आपण विकायची, तिचीच ढेप आपण विकत आणायची! अशा वेळी मुरघासाचे कल्चर विकणारा दारात येतो. ते घ्यावे की नाही, एवढाच आजचा विषय.

आधी ज्वारीचे पाहू. खरिपाची ज्वारी कापणीच्या तोंडावर पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि भाव जातो. उरलेसुरले रानडुकरे आणि रोही नेतात. कडबा भिजला तर बुरशी धरतो. सगळी ज्वारी मुरघासात घाला असे मी म्हणणार नाही, घरात भाकर लागते. पण ज्याच्याकडे दुधाची दोन जनावरे आहेत त्याने थोडा तुकडा हुरड्यावर आला की कापून मुरवावा. दाणा जातो, पण चारा हमखास हाती लागतो.

मुरघास म्हणजे चाऱ्याचे लोणचे. हवा कोंडली की धांड्यातल्या साखरेवर जीवाणू वाढतात, आम्ल तयार करतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि सडवणारे जंतू थांबतात. फिनलंडचे शास्त्रज्ञ विर्तानेन यांना 1945 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात चारा टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. ते चाऱ्यावर सरळ आम्ल घालत. कल्चरवाले आम्ल जीवाणूंकडून करवून घेतात. म्हणजे कल्चर हे विरजण आहे, दुसरे काही नाही.

हे विरजण दोन जातींचे. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम झपाट्याने आम्ल करते. ज्वारीच्या धांड्यात साखर असते आणि असे जीवाणू पानांवर मुळातच थोडेफार असतात, म्हणून त्याचा फायदा होतो, पण चमत्कार होत नाही. दुसरे लॅक्टोबॅसिलस बुकनेरी. ते सावकाश काम करते, पण मुरघास उघडल्यावर तापणे आणि बुरशी येणे लांबवते. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, यातले कोणते?

दुसरा प्रश्न, जिवंत जीवाणू किती? एक ग्रॅम चाऱ्याला साधारण एक लाख लागतात. म्हणजे एका टनाला 100 अब्ज. पाकिटावर एका ग्रॅमला 10 अब्ज लिहिले असेल तर टनाला 10 ग्रॅम पुरे. आकडा नाही, तारीख नाही, तर पाकीट परत करा. ते उन्हात ठेवलेले असेल तरी परत करा. मेलेल्या जीवाणूंचे पैसे कशाला मोजायचे? कालवायला विहिरीचे पाणी घ्या, नळाच्या पाण्यातले क्लोरीन जीवाणू मारते. कोणी ताक घाला म्हणतो, पण ताकातले जीवाणू दुधावर वाढणारे, धांड्यावर ते टिकतील याचा भरवसा नाही.

आता हिशेब करू. एका जनावराला दिवसाला 15 किलो, दोन जनावरांना 30 किलो. चार महिन्यांचे 36 क्विंटल, नासधूस धरून 40 क्विंटल. घनफुटाला 15 किलो धरले तर 10 फूट लांब, 6 रुंद, साडेचार खोल खड्डा लागतो. पण रोजचे 30 किलो म्हणजे दोनच घनफूट. एवढ्या रुंद तोंडावरून दिवसाला इंचभरही थर निघत नाही. उन्हाळ्यात रोज निदान अर्धा फूट थर निघायला हवा, नाहीतर चारा तापतो. तिथे कितीही महाग कल्चर घाला, बुरशी येणारच. दोन जनावरांच्या शेतकऱ्याला मोठा खड्डा परवडत नाही, तो यासाठी. 50 किलोच्या पिशव्या भरा. उघडलेली पिशवी दोन दिवसांत संपते. उंदरांपासून मात्र जपा, एक भोक पडले की ती पिशवी गेली.

कुट्टी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नको. मुठीत घट्ट दाबा. पाणी गळले तर थोडे सुकू द्या, मूठ उघडताच गोळा सुटला तर चारा वाळला आहे. गोळा हळूहळू उमलला की भरायला घ्या. माती मिसळू देऊ नका, दाबून हवा काढा, एका दिवसात तोंड बांधा. निदान 45 दिवस उघडू नका. कोवळ्या, ताणातल्या ज्वारीतले विष मुरल्याने बरेच उतरते, पण त्याला वेळ लागतो. मुरघासात प्रथिने कमी, म्हणून ढेप पूर्ण सुटणार नाही.

मित्रांनो, कल्चर वाईट नाही. ते शेवटची पायरी आहे. पहिल्या चार पायऱ्या फुकट आहेत आणि त्या आपल्या हातात आहेत. म्हणून प्रत्येक गावाने एक काम करा. एकाच शेतातली, एकाच दिवशी कापलेली ज्वारी दहा पिशव्यांत कल्चर घालून आणि दहा पिशव्यांत न घालता भरा, खुणा करा. दोन महिन्यांनी उघडा, वास घ्या, वजन करा, गाईपुढे टाका. पाकिटाची पावती आणि दोन्हींचा हिशेब पुढच्या बैठकीत आणा. पैसे आपले आहेत, तर तपासणीही आपणच करू.